बसला न्हाई

आष्ट्याच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं
हिंदुरावांचं गुऱ्हाळ.
दोन हंगाम मी तिथं काट्यावर होते.
वहीत लिहायचं : नाव, आधण, ढेपा.

चरकातून रस येतो तो हिरवट, गढूळ,
ओढ्याला नवं पाणी आल्यासारखा.
काहिलीत पडला की जालिंदर नाना
ठेचल्या रानभेंडीचं बुळबुळीत पाणी सोडायचे
आणि काळी मळी वर यायची, आपणहून.
झाऱ्यावर धरायची, बाजूला टाकायची.
घाई केली की म्हणायचे,
"मळी वडून काढू नगंस. वर येऊ दे तिला."

मग उकळी. आधी नुसता फेस,
मग फुलं पडतात, मग माशाचे डोळे,
मग थोराड बुडबुडे, फुटताना 'फक्' म्हणणारे.
इथं काकवी.
इथं चुलाणातलं चिपाड मागं ओढलं तर काकवी
आणि पाव तास नाही ओढलं तर गूळ.
मधे कुठं बांध नाही.
शेतकी खात्याचा थर्मामीटर खुंटीला होता,
नाना त्याच्या नळीनं पाठ खाजवायचे.

भूपाल आण्णांचा ऊस आला फेब्रुवारीत, दिवस मावळताना.
चोपणातला ऊस. त्या रानात पांढरं फुटतं,
लांबून वाटावं, कुणाची रांगोळीची पिशवी सांडली.
पहिलं आधण वाफ्यात ओतलं. बसलं नाही.
दुसऱ्याला चुना वाढवला. बसलं नाही.
बोट घातलं तर बोट आत,
काढलं तर खड्डा हळूहळू भरून यायचा.
'ढेपा'च्या खाली मी दोनदा शून्य लिहिलं
आणि वही आण्णांच्या बाजूनं झाकून धरली.

आण्णा उभेच.
कुणी खाट पुढं केली, "ऱ्हाऊ दे" म्हणाले.
स्वतःच्या उसापाशी
परक्याच्या लग्नात आल्यासारखे उभे.

तिसऱ्या आधणाला नानांनी पळी बुडवली,
उलथी धरली, धार कशी तुटते ते पाहिलं.
थेंब जिभेवर ठेवला. तोंड वाकडं केलं नाही.
"आण्णा, ह्यो बसायचा न्हाई.
मग बसवायचा कशाला? पोपट, वड जाळ मागं."
चुलाण गप्प झालं
तेव्हा कळलं, इतका वेळ ते केवढं बोलत होतं.

काकवी निवायला रात्र जाते.
गरम भरली तर झाकणाला आतून घाम येतो, मग बुरशी.
तेलाचे रिकामे डबे कढत पाण्यानं विसळले,
पहाटे धोतराच्या पदरातून गाळून भरली,
खडूनं लिहिलं, भू. आ.
रंग, चिंच लावायच्या आधीच्या तांब्याचा.

आण्णा दिवस उगवल्याशिवाय
तोंडात पाणीही घेत नाहीत.
सूर्य चरकाच्या वर आला
तेव्हा नानांच्या घरून शाळूच्या भाकरी आल्या.
ताटलीत काकवी ओतली,
ती पसरत पसरत भाकरीच्या कडेशी थांबली.
आण्णांनी घास मोडला.
गोड, आणि मागनं खारट,
जोडीला मिरची न मागणारं गोड.
"रानाची चव आलीया की रं," म्हणाले.
वाईट वाटून म्हणाले की कसं, मला कळलं नाही.
दुसरा घास घ्यायला
ते चिपाडाच्या ढिगावर खाली बसले.

वहीत काकवीला रकाना नव्हता.
समासात लिहिलं : अकरा डबे.
हिंदुराव रागावले, रेघेबाहेर का लिहिलंस म्हणून.

त्यातली एक बाटली अजून माझ्याकडं आहे,
इस्लामपूरच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर.
तळाला खडे धरलेत.
साखरेचे की मिठाचे,
चाखून बघायचं राहिलंय.