सहावी ओळ

न्हाणीच्या पाण्यावर वांग्याच्या सहा ओळी बसतात.
पाच आमच्या.
सहावी कुंपणाकडची, ती आमची नाही,
हे घरात सगळ्यांना ठाऊक, बकरी सोडून.

दिवाळीनंतर जावई आले, न कळवता, आर्वीच्या शेवटच्या गाडीनं.
आमच्या ओळी आदल्याच दिवशी खुडलेल्या,
सहावी लदलेली.
हे म्हणाले, "दोनच तोड नं, कोन पाहून राह्यलं?"
मी बेसन घोटलं.
जावयांनी तीन भाकरी खाल्ल्या, बोलले काही नाहीत.
मुलीला मात्र अजून ऐकावं लागतं,
तुझ्या आईच्या वाडीत एवढी वांगी, आणि मला बेसन.

फाट्यावर गजूचा एसटीडी बूथ होता.
फोन गेला, काच गेली, पिवळा रंग तेवढा राहिला.
जिथं मीटर असायचं त्या फळीवर
आता भाजी ठेवतो आम्ही चार-पाच घरं.
रात्री ठेवायची.
पहाटे ज्याला लागेल त्यानं न्यायची.
नाव नाही, वही नाही.
सरपंच म्हणत होते, बोर्ड लावू, फोटो काढू.
पंचफुला म्हणाली, "बोर्ड लावसान
तं कोनी येनार नाई, भाऊ."
बोर्ड राहिला.

रिसीव्हरचा हूक अजून शाबूत.
त्याला मी दोडक्यांची पिशवी टांगते.
कधी वालाच्या शेंगा, कधी ओल्या फडक्यात सांभार,
एखादं कोहळं फळीवर मावत नाही, ते खाली,
जिथं उभं राहून लोक ओरडायचे
हॅलो, हॅलो, आवाज येते का?

माघात एकदा मला उशीर झाला.
टॉर्च मारला तर आत कोणी वाकलेलं.
पदराचा काठ दिसला, आणि
खांद्याची ती एका बाजूला कललेली ठेवण.
हातभर धुऱ्यापायी नऊ वर्षं
आम्ही एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळी जातो.
टॉर्च विझवला.
बाभळीआड उभी राहिले पिशवी पोटाशी धरून,
चोरी माझीच असल्यासारखी.
ती गेली. पावलं मोजली. मग ठेवली.

घरी यांनी विचारलं, एवढा वेळ?
म्हटलं, कुत्रं होतं वाटेत.

मृगाच्या आधी एका पहाटे
फळीवर भाजी नव्हती. एक पुरचुंडी होती,
जुन्या लुगड्याच्या चिंधीची, दोन गाठी मारलेली.
आत राखेत घोळलेलं वांग्याचं बी.
काटेरी देठाचं, आमच्याच वाणाचं;
पण राख आमच्या चुलीची नव्हती,
आमच्याकडे पऱ्हाटी जळते, ती काळी पडते.
ही पांढरी, गोवऱ्यांची.

मी कोणाला विचारलं नाही.
सातवी ओळ आखली.

आता पाणी पुरत नाही.
यांना म्हटलं, उद्यापासून
दोन तांबे जास्त घेत जा आंघोळीला,
काही बिघडत नाही.