मोजमाप वही

भूमच्या जुन्या कचेरीचा रंग खरवडताना
आधी निघाला सरकारी पिवळा,
मग कुठल्याशा दौऱ्याआधी घाईत मारलेला हिरवट,
मग नुसता चुना,
पापुद्र्या-पापुद्र्याने सुटत गेला.

दारावरची फसली सन तेराशे सतराची पाटी
आमच्यात एकट्या वजीर मिस्त्रींना वाचता येते.
मी साइटवरचा इंजिनियर; मला अंदाजपत्रक येते.

घाणीत चुना, वाळू, विटांचा चुरा,
हिरडा, बेलफळाचं पाणी, गूळ.
कौशाबाई म्हणाली, एवढा गूळ भिताडाला?
आन् आमच्या च्यात खडा न्हाई.
दुसऱ्या दिवसापासून भिंतीला थोडा कमी गेला.

ओसरीत, खांबामागे,
बसल्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर
रेघा सापडल्या. खिळ्याने ओढलेल्या,
एकामागे एक, एकशे बारा.
कुणाची पेशी, कशाची नक्कल,
दप्तरात काही नाही;
दप्तर वाळवीने कधीच निकाली काढलं.
शेवटची रेघ अर्धीच आहे.
पुकारा झाला असेल, किंवा तो उठून गेला असेल.

अंदाजपत्रकात लिहिलंय: संपूर्ण भिंत, गिलावा, दोन थर.
मिस्त्रींनी थापी चहूबाजूंनी फिरवली
आणि तेवढी जागा सोडून पुढे गेले,
निजलेल्याला ओलांडू नये, वळसा घालावा, तसे.

मी काही बोललो नाही.
मोजमाप वहीत अडीच चौरस फूट कमी धरले.
तेवढी मजुरी कापली गेली.
मिस्त्रींनी आकडा पाहिला
आणि खाली सही केली,
उजवीकडून डावीकडे.