अठरा ठिपके

शालिमारच्या मागे, माझ्या फ्लेक्सच्या दुकानात
यमुना बेंडकुळे फोन पुढे करते :
"दादांचा एवढाच आहे. दहा बाय सहा करा.
सोमवारी दशक्रिया."

फोटोत पाटबंधारे खात्याची माणसं, दोन रांगा,
मागे गंगा, दुतोंड्या मारुतीचा खांदा.
मी दादांवर दोन बोटं ठेवून ताणत जातो.
या कानापासून त्या कानापर्यंत
मोजले : अठरा ठिपके.
त्यातच डोळे, नाक, सगळा माणूस.

"शर्ट असा नव्हता," ती म्हणते.
"बारीक रेघांचा होता. ह्या रुंद लाटा कसल्या?"

कसं सांगू. रेघा दाट, ठिपके विरळ.
काळ्या-पांढऱ्याच्या प्रत्येक जोडीला
दोनाहून थोडे जास्तच ठिपके लागतात,
नाहीतर रेघ नुसती हरवत नाही,
दुसऱ्याच कुणाचं रूप घेऊन परत येते.
कुणीतरी फोटो लहान करताना घाई केली.
आधी जरा धूसर करायचा असतो,
जे मावणार नाही ते आपणहून सोडायचं.
कोंबलं, की उरलेलं खोटं बोलतं.

ती पिशवीतून वही काढते.
दादा पाण्याची पातळी लिहायचे, होळकर पुलापाशी,
दर तीन तासांनी. निळी शाई, आकडा, सही.
एका पुराच्या रात्री तीनला डोळा लागला.
बारा आणि सहाच्या मध्ये
साहेबानं पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली.
सकाळी भांडीबाजारात भिंतीवर गाळाची खूण
त्या रेघेच्या हातभर वर.
समासात पेन्सिलीनं, दादांचं अक्षर :
मधलं पाणी नदीलाच ठाऊक.

मी वही मिटतो. मोठं करतो तेव्हा
माझं मशीनही पट्टीच ठेवतं,
इकडचं थोडं, तिकडचं थोडं,
गाल लोण्यासारखा होतो.
"इथं भुवईत वण होता, साखळी तुटून लागलेली."
अठरांत नाही.
"घालता येईल?"
येईल. दोन मिनिटांचं काम.
पुढाऱ्यांना केस, नवरदेवांना रंग, रोज देतो.
माऊसवर हात आहे. हलत नाही.

शेवटी दहा बाय सहा पांढरंच ठेवलं.
मधोमध दादा, पोस्टकार्डाएवढे.
खाली : श्रावण गेणू बेंडकुळे.

"एवढं रिकामं?" पोऱ्या विचारतो.
"राहू दे," ती म्हणते. "गंगेकडच्या बाजूला बांधायचाय."

तिथं वारा फार. फ्लेक्स फाटतो.
वारा जायला भोकं पाडू का, मी विचारतो.

"पाडा.
फक्त दादांच्या अंगावर नको."