शेवटचा फोन

सोमवारी रात्री, सॅन पेड्रोत, बंदराच्या वरच्या गल्लीत,
मुलगी नाइट ड्यूटीला गेल्यावर
मी स्वेटर चढवला, डोक्याला स्कार्फ बांधला
आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी
पहिल्यांदा बारच्या स्टुलावर बसले.
दोन प्रयत्नांत.

बारवाल्याचं नाव दिन्को. आजोबा आले म्हणे
एड्रियाटिकवरून, ट्यूना पकडायला.
"काय देऊ?" त्यानं विचारलं, आणि माझ्या तोंडून
पाठ केलेल्या उखाण्यासारखं, न अडखळता:
मॅनहॅटन, साइडकार, ओल्ड फॅशन्ड, मार्टिनी.
"अनुभवी दिसता," तो म्हणाला.
मी म्हटलं, बावीस वर्षं यातच काढली.

खोटं नव्हतं ते.
सांगलीत, चाळीसच्या बल्बखाली, कॅप्टन समशेर या नावानं
मी अमेरिकेतले खून मराठीत आणत असे.
फॉर्मला अठरा रुपये, कागदाच्या एकाच बाजूला लिहून.
पुस्तकं एसटी स्टँडवर जायची,
मुखपृष्ठावर पिस्तूल आणि पाठमोरी बाई,
आणि आमचे हे मामंजींना सांगायचे,
"भरतकामाचे नमुने उतरवून घेतेय."

थेंब कधी चाखला नव्हता. डिक्शनरी एकच,
तिची डब्ल्यूपासूनची पानं उंदरांनी नेलेली,
म्हणजे व्हिस्कीसुद्धा अंदाजानंच.
माझा गुप्तहेर ती खडकांवर प्यायला.
रात्रभर, समुद्राकाठी, भिजलेल्या बुटांनिशी,
कारण मुळात स्वच्छ लिहिलं होतं: ऑन द रॉक्स.
वाचकांना तो प्रसंग फार आवडला.
मार्टिनीत मी आवळा बुडवला.
बिटर्सचा काढा केला, सुंठ घालून.
आणि नायकाच्या चेहऱ्यावर
व्हेनिसच्या आंधळ्यांची सावली पडली;
ते आंधळे कोण, खिडकीशी का उभे होते,
ते पटवायला मला तीन पानं पदरची लिहावी लागली.

दिन्कोनं पेला ठेवला. बारीक दांडी, वर उलटी छत्री.
तळाशी तो.
आवळा नव्हे. खारट, तेलकट, पोटात लाल डोळा.
मी तो दाताखाली धरला
आणि पंचावन्न वर्षांपूर्वीची ओळ
तोंडातल्या तोंडात दुरुस्त केली.

समोरच्या लॉन्ड्रीचा निऑन खिडकीच्या पट्ट्यांतून आत येत होता.
काउंटरवर, बाटल्यांवर, माझ्या शिरा आलेल्या हातावर
काळं, पांढरं, काळं, पांढरं.
या, म्हटलं. तुम्हीच का ते.

एक चूक मात्र अजून अंगावर आहे.
गोष्टीच्या शेवटी बारवाला म्हणतो, लास्ट कॉल.
नायक कॉलर वर करतो, बाहेर पडतो, संपलं.
मी लिहिलं: आणि मग शेवटचा फोन आला.
आता फोन आला म्हटल्यावर पलीकडे कुणीतरी हवं.
मी तिला आणलं, चौथ्या प्रकरणात
त्याला गोळी घालून पळालेली ती.
काय बोलेल ती? मध्यरात्र झाली होती,
धाकटा पाळण्यात कुरकुरत होता, फॉर्म सकाळी द्यायचा होता.
मी तिला बोलायला लावलं: "मीच. जेवलास का?"

अडतीस पत्रं आली.
मंगळवेढ्याहून, शहाद्याहून, एक नेफातून,
लष्करी शिक्क्याचं, फक्त एका ओळीचं:
तो काय म्हणाला ते कळवा.

मी कळवलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

अकराला दिन्कोनं एकेक दिवा मालवला
आणि खास कुणाकडे न बघता म्हणाला, लास्ट कॉल.
बारमध्ये तो, मी, आणि कोपऱ्यात झोपलेला एक खलाशी.
भिंतीवर नाण्याचा जुना फोन होता, वायर तुटलेला.
"वाजतो का हा?"
"एक्क्याण्णवपासून नाही."

तरी बिल देताना मी जरा रेंगाळले.
सुटे पैसे दोनदा मोजले.
बाहेर बंदरावरून धुकं वर येत होतं, क्रेनचे लाल दिवे त्यात पुसत चाललेले.
माझ्या स्वेटरला कॉलर नव्हती.
स्कार्फच जरा पुढे ओढून घेतला.