रांग सात, तुकडा सतरा

पहाटे चारला समुद्रावरून धुकं येतं.
पाऊस म्हणाल तर वर्षाकाठी बोटभरही नाही.
वॉल्विस बेच्या उत्तरेला, वाळू आणि लाटांच्या मधे
आमच्या लाकडी घोड्या उभ्या आहेत, पाठीवर कललेल्या,
त्यांवर दोनशे चाळीस पत्रे, वीतवीतभर:
साधं पोलाद, जस्ताचा मुलामा दिलेलं, पितळ, ॲल्युमिनियम,
आणि सातव्या रांगेत ते महागडं स्टेनलेस,
ज्याला म्हणे काही होत नाही.
लोखंडाचे चणे खाणारं एकच तोंड मी पाहिलंय.
धुक्याचं. दात नसलेलं.

काम सोपं आहे.
पत्रा काढायचा, आम्लात बुडवायचा,
मऊ ब्रशनं गंज घासून टाकायचा,
वाळवून काचेच्या पेटीतल्या तराजूवर ठेवायचा,
जो जवळ सोडलेल्या श्वासानंही हलतो.
फेस्टसनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
उरलं किती ते कुणी विचारत नाही,
गेलं किती ते लिही.
अकरा वर्षं मी तेच लिहितोय, मिलिग्रॅममध्ये.

जूनमध्ये सतरावा तुकडा नाहीसा झाला.
चोर असता तर बोल्टही नेले असते.
हे चारही बोल्ट प्लास्टिकच्या वॉशरसकट
फळीवर ओळीनं मांडून ठेवले होते.
कोळी असतील, फेस्टस म्हणाला, गळाला वजन बांधायला.
मी वहीत लिहिलं, हरवला,
आणि पुढची चौकट कोरी सोडली.

सप्टेंबरात फेस्टसच्या मेहुण्याला पोचवायला गेलो.
गावाबाहेरचं कबरस्तान: वाळूचे ढिगारे, कडेनं दगड,
कॅनरीच्या वेल्डरांनी जोडून दिलेले पत्र्याचे क्रूस,
त्यांवरची नावं धुक्यानं केव्हाच चाटून नेलेली.
एकच चमकत होता. छोट्याशा ढिगाऱ्यावर.
कोपऱ्यात आमचा ठसा, सात-सतरा,
आणि खाली कोरलेलं: तुहाफेनी. दोन वर्षं.
खिळ्यानं हे होत नाही, खिळा त्यावर घसरतो.
काहीतरी कठीण घेऊन, कित्येक रात्री.

मला एवढंच कळतं की
या पत्र्यावर ओरखडा काढला
तर हवा लागताच तो स्वतःवर साय धरतो,
डोळ्यांना न दिसणारी.
आणि खार कुठून शिरायचा झाला
तर तिथूनच शिरतो.
म्हणजे नावातूनच.

मी भिंग काढून गुडघ्यावर बसलो होतो,
तेवढ्यात मागून कॅनरीचे पांढरे गमबूट आले,
माशांच्या वासाचे.
तुमचा आहे? तिनं विचारलं.
नाही, म्हटलं. किती टिकतो ते बघतोय.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मग नीट बघा, म्हणाली,
आणि दुधाच्या बाटलीतलं गोडं पाणी
पत्र्यावरून हळू ओतलं.
तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे,
पुस्तकात हाच उपाय आहे.

आता दर सप्टेंबरात जातो. तराजू नेत नाही.
या खेपेला पाचवं वर्ष.
चौथ्या अक्षराच्या आडव्या रेघेत
टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका.
सेल्मा बाटलीचं बूच उघडत होती.
तिला सांगितलं नाही.
वहीतही लिहिलं नाही, फेस्टसला कळलं तर तो चिडेल.
रुमाल ओला केला,
आणि त्या रेघेवरून
दोनदा फिरवला.