दोन्ही

हलशीच्या शाळेला अंगण एक, दारं दोन.
डाव्या दारात मी शिकले.
आता तिथं एक बाई, सात पोरं.

रजिस्टर मात्र एकच, कन्नडातलं.
"नाव?"
"ओवी भरमाणी घाडी."
"हूवू?" मास्तर म्हणाले.
हूवू म्हणजे फूल, एवढं कळतंय मला.
"न्हवं हो. ओवी. जात्यावरची."
मास्तर थांबले,
हवेतच खुंटा धरून हात गरगर फिरवला:
"हौदा?"
"हां, तीच."
मग गोल गोल अक्षरांत लिहिलं काहीतरी,
पाळूभोवती पीठ सांडावं तसं.
खाली माझी सही, मराठीत.

फी नाही. पुस्तकं, कपडे सरकारचे.
शेवटचा रकाना: अंडं की केळं?

इतका वेळ पदराआड असलेली ओवी
पुढं आली.
"दोन्ही."

मास्तरांनी पेन उचललं, तसंच धरलं.
खूण एकावरच करता येते, म्हणाले.