टोकन एकेचाळीस

रबाळे एमआयडीसीत, शेड नंबर सातला
स्टोअर मी सांभाळतो.
दिवाळीनंतर आम्हा पाचजणांना टॅब्लेट मिळाले.
पाचच का, कुणी विचारलं नाही.
ग्रेड चारच्या वर आम्ही पाचच आहोत.

मीटिंगला ते टेबलावर मांडतो,
पानात मीठ वाढतात तसे, सगळ्यात आधी.
लिहून मात्र घेतो
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे.
खोटं कशाला बोलू, तो काखेत असला की
माझी चाल जरा बदलते.
गेटवरचा धुमाळ आता माझी पिशवी उघडत नाही,
दोन बोटं कपाळाला लावतो, सोडतो.
पूर्वी डब्यातली भाजीसुद्धा ओळखायचा.

कंत्राटी माणसांचे फोन गेटवरच राहतात.
प्लायवूडचे खण, पत्र्याची टोकनं.
'मोबाइलने लक्ष उडते, उत्पादन घटते'
खणांच्या वर लाल रंगात.

परवा तीन नंबर प्रेसचं सील फुटलं.
तेलाचं थारोळं. मेकॅनिक महाप्याला.
मी टॅब्लेट उघडून उभा,
सीलच्या अगदी डोक्यावर धरून.
पॅकिंगची कुंदा मढवी हात पुसत आली:
"असा वरून नको साहेब, आडवा धरा.
आणि बाजूला रुपया ठेवा,
दुकानवाल्याला माप कळतं.
आमचे हे टेम्पोचे पार्ट असेच मागवतात."
रुपया ठेवला. तोही तिचाच.
चार मिनिटांत तुर्भ्याहून उत्तर,
पाऊण तासात सील.
शिफ्ट वाचली.

म्हणजे उपयोग आहे. नाही कोण म्हणतंय?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मेल आला:
श्री. शिरसाट यांनी उपकरणाचा उत्कृष्ट वापर केला.
सगळ्यांना, म्हणजे पाचजणांना.
मी उत्तर लिहायला घेतलं, "खरं तर"
एवढंच झालं.
ते दोन शब्द अजून ड्राफ्टमध्ये आहेत
आणि रुपया ड्रॉवरमध्ये.

काल सहाला गेटवर कुंदा माझ्यापुढे होती.
एकेचाळीस नंबर दिला, फोन घेतला,
तडकलेल्या काचेवर अंगठा फिरवला
आणि तिथंच थांबली.
शाळेचे नऊ मिस्ड कॉल.
पहिला अकरा दहाचा.
चप्पल हातात घेऊन ती पळाली
गोठिवलीच्या रिक्षांकडे.

धुमाळने दोन बोटं कपाळाला लावली.
मी पिशवीची चेन उघडून
त्याच्यासमोर धरली.
"तुमची कशाला, साहेब?"
तो हसत म्हणाला.